खोक्यावर न छापलेल्या गोष्टी

नवा फोन बाजारात आला की आमच्या मुलुंडच्या लोकलमध्ये त्याची चिरफाड तो दुकानात पोचायच्या आधी होते. किती मेगापिक्सेल, किती एमएएच, कडा अ‍ॅल्युमिनियमची की टायटॅनियमची. मीही त्यात हिरिरीने पडणारा माणूस आहे, तेव्हा या वेडाला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण या चर्चांत वर्षानुवर्षं तेच ते ठाम गैरसमज फिरत असतात. त्यांतले काही आपल्या खिशाला चाट लावतात, तर काहींमुळे आपल्याच उपनगरांचा इतिहास आपल्याला ठाऊक राहत नाही. मला अधिक खटकतात ते दुसऱ्या प्रकारचे.

गैरसमज : हे गॅजेटचं वेड स्मार्टफोनवाल्या पिढीचं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं, 1982 च्या दिल्ली एशियाडच्या निमित्ताने पडद्यावर रंग आले आणि ऐंशीच्या दशकात अंधेरीच्या ओनिडा कंपनीने एक हिरवा, शिंगं-शेपटीवाला सैतान घराघरांत पाठवला. तो गोपी कुकडे यांच्या डोक्यातून निघाला होता. त्या जाहिरातीत टीव्हीच्या तांत्रिक गुणांबद्दल फारसं काही नव्हतं. शेजारी जळेल, मालक मिरवेल, एवढंच सांगणं होतं आणि ते पुरेसं ठरलं. आज नव्या फोनचं खोकं उघडतानाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारा मुलगा आणि तेव्हा ‘आमच्याकडे कलर आहे’ असं जिन्यात मोठ्याने सांगणारे काका यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. फरक असलाच तर काकांच्या बाजूने आहे. रविवारच्या सिनेमाला ते निम्म्या मजल्याला घरात बसवून घेत.

गैरसमज : डिझाइन कॅलिफोर्नियात होतं, माल चीनमध्ये बनतो, आपण फक्त विकत घेतो.

या वाक्याचा मधला आणि शेवटचा भाग आता-आतापर्यंत बराचसा खरा होता. पहिल्याबद्दल मात्र थोडं मागे जावं लागेल.

अ‍ॅपलच्या ज्या साधेपणावर आपण फिदा असतो, त्याची मुळं जर्मनीत आहेत. ब्राउन कंपनीसाठी डीटर राम्स यांनी केलेला 1958 चा टी-3 हा खिशातला रेडिओ आणि 2001 चा पहिला आयपॉड शेजारी ठेवून बघा. पांढरा चौकोन आणि त्यावर एक वर्तुळ. ब्राउनचा 1987 चा ईटी-66 हा कॅल्क्युलेटर तर पहिल्या आयफोनच्या पडद्यावर जवळजवळ तसाच्या तसा उतरला होता. टी-3च्या काळात ब्राउनबरोबर काम करणारी एक शाळा होती, उल्म या गावातली डिझाइनची शाळा. वस्तू सजवायची नाही, ती कोण, कुठे, कशी वापरणार याचा आधी अभ्यास करायचा, मग रूप ठरवायचं, ही तिची शिस्त. ती 1968 मध्ये बंद पडली.

या उल्ममध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून गेलेला एक मराठी विद्यार्थी होता, सुधाकर नाडकर्णी. तिथे शिकत असताना त्यांनी अभ्यासाला घेतलेला विषय ब्राउनचा रेडिओ नव्हता. तो होता मुंबईतलं आरेचं दूधकेंद्र. पहाटेची रांग, बाटल्यांचे क्रेट, आत उभं राहणाऱ्या माणसाला पुरेल एवढी जागा. उल्म बंद पडल्याच्या पुढच्याच वर्षी, 1969 मध्ये, पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झालं आणि त्याची उभारणी नाडकर्णींनी केली. पुढे गुवाहाटीच्या आयआयटीतला डिझाइन विभागही त्यांनीच सुरू केला. म्हणजे ज्या झऱ्याचं पाणी राम्समार्गे अ‍ॅपलपर्यंत गेलं, त्याचाच एक पाट थेट पवईला आला. घाटकोपरहून बसने जाता येईल इतक्या अंतरावर.

तिथून काय निघालं, असं कोणी विचारलं तर मी मोबाइल दाखवत नाही, मतदान यंत्र दाखवतो. देशात प्रत्येक थरातल्या माणसाने हाताळलेलं दुसरं इलेक्ट्रॉनिक उपकरण मला आठवत नाही. 2004 च्या लोकसभा निवडणुकीत सर्व 543 मतदारसंघांत तेच होतं. त्याच्या बाह्यरूपाची रचना पवईच्या ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केली. नाव आणि चिन्हासमोर एक निळं बटण, दाबलं की शेजारी लाल दिवा आणि लांब ‘बीप’. वीज नसलेल्या पाड्यावरही बॅटरीवर चालणारं, पेटीसारखं बंद करून उचलून नेता येणारं. अक्षरओळख नसलेल्या आजीला ते वापरायला माहितीपुस्तिका लागत नाही. यंत्रावरच्या राजकीय वादांशी मला इथे कर्तव्य नाही. वस्तूची रचना म्हणून बघितलं तर हजारो रुपयांच्या स्मार्ट टीव्हीच्या रिमोटला हे साधलेलं नाही, हे मी घरातल्या ज्येष्ठांना शनिवारी सिनेमा लावून देताना दर आठवड्याला अनुभवतो.

पवईचंच आणखी एक काम आपल्या प्रत्येक बिलावर आहे. 15 जुलै 2010 रोजी केंद्र सरकारने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह उदय कुमार यांचं. ते याच केंद्रात पीएचडी करत होते. त्याच वर्षी ते युनिकोडमध्ये गेलं आणि पाठोपाठ कीबोर्डवर आलं.

गैरसमज : मोबाइलवर मराठी लिहिणं अवघड आहे, कारण आपली लिपीच यंत्राला सोयीची नाही.

यंत्र रोमन लिपीसाठी घडवलं आणि मग आपल्याला त्यात कोंबलं, तर अवघड जाणारच. त्याउलट, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेत र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा देवनागरी फॉन्ट घडवला आणि विंडोज 2000 पासून तो जगभरच्या संगणकांवर पोचला. जोशी मूळचे कोल्हापूरचे. जाहिरात क्षेत्रात नाव कमावून ते पवईला शिकवायला आले होते. सरकारी परिपत्रकापासून लग्नाच्या आमंत्रणापर्यंत आपण ज्या अक्षरांत वाचत आलो, ती उपनगरातल्या एका खोलीत बसून काढलेली आहेत, हे माहीत असणारे गॅजेटप्रेमी मला फार थोडे भेटले.

टंकनाचा प्रश्न पवईतच अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या बाजूने हाताळला. 2013 मध्ये आलेला त्यांचा ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड घ्या. ‘क’वर बोट टेकवलं की त्याभोवती का, कि, की, कु, कू असं चक्र उमलतं, बोट त्या दिशेला सरकवलं की अक्षर तयार. बाराखडी पाठ असलेल्या माणसाला यात नवीन काही शिकायचं उरत नाही. तरीही बहुतेकांनी रोमनमध्ये ‘kay’ लिहिण्यासारखा वळसा पत्करला, कारण फोनमध्ये आधीपासून बसवून येतं तेच आपण वापरतो. चांगली रचना आणि खपणारी रचना या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

जाता जाता : महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा ठरवून दिला. आपल्या फोनवर ही अक्षरं कशी दिसतात ते एकदा निरखून बघा. बऱ्याच फोनवर ती हिंदी वळणाची दिसतील. लाखभराच्या फोनची कड किती मायक्रॉनने गोल केली आहे यावर तासभर बोलणारे आपण, रोज शेकडो वेळा वाचतो त्या अक्षराच्या वळणावर कधी बोलत नाही.

गैरसमज : जगातला शेवटचा टाइपरायटर कारखाना मुंबईत होता आणि तो 2011 मध्ये बंद पडला.

ही बातमी त्या वर्षी जगभर फिरली, लोकांनी हळहळून लेख लिहिले. गोदरेजने विक्रोळीत 1955 मध्ये देशी टाइपरायटर बनवायला घेतला, इथपर्यंत खरं. पुढे ते काम साताऱ्याकडच्या शिरवळला गेलं आणि उत्पादन थांबलं ते 2009 मध्येच. 2011 मध्ये फक्त गोदामातली उरलीसुरली यंत्रं विकली जात असल्याची बातमी आली आणि इंग्रजी वृत्तपत्रांनी तिचा मृत्युलेख केला. शेवटचा कारखाना हेही खरं नव्हतं. अमेरिकेत विकले जाणारे टाइपरायटर तेव्हाही आशियात तयार होत होते.

विक्रोळीची मला अधिक आवडणारी वस्तू ‘छोटुकूल’ आहे. 1958 पासून फ्रिज बनवणाऱ्या गोदरेजने 2010 च्या सुमारास 43 लिटरचा, जेमतेम आठ किलोचा एक डबा बाजारात आणला. त्यात कॉम्प्रेसर नाही. विजेच्या प्रवाहाने एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती आणि छोटा पंखा, बस्स. 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. झाकण वरून उघडायचं, म्हणजे जड असलेली गार हवा सांडून जात नाही. किंमत तेव्हा तीन-साडेतीन हजारांच्या घरात. रचना ठरवताना उस्मानाबादेतल्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, बायकांना विचारलं होतं.

यावरून लोक एक नवाच गैरसमज करून घेतात : गरिबाला विचारून स्वस्त वस्तू बनवली की ती खपते. तशी ती अपेक्षेएवढी खपली नाही. खेड्यातल्या घराला फ्रिज घ्यायचा तर बर्फ जमवणारा, उभा, पाहुण्यांना दिसणारा फ्रिज हवा होता. अर्धामुर्धा नको होता. छोटुकूलला गिऱ्हाईक मिळालं ते पानटपरी, चहाची गाडी, फुलवाले, लहान दुकानदार यांच्यात. ओनिडाच्या सैतानाला जे कळलं होतं ते इतक्या अभ्यासू अभियंत्यांच्या नजरेतून निसटलं, याची मला गंमत वाटते. वस्तू घेताना गरीब माणूसही मिरवणारच. त्याने का मिरवू नये?

आता खिशाला चाट लावणारे गैरसमज. हे भराभर घेऊ.

गैरसमज : मेगापिक्सेल जास्त, फोटो चांगला.

200 मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या सेटिंगवर साधारण साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. शेजारशेजारचे सोळा बिंदू एकत्र करून तो एक बनवतो. 108 वाले नऊ एकत्र करतात आणि 12 देतात. 50 वाले चार एकत्र करतात आणि पुन्हा साडेबारावर येतात. म्हणजे तिघांची गाडी एकाच स्टेशनात थांबते. पवई तलावावरच्या रात्रीच्या विसर्जनाचा फोटो कसा येईल हे ठरतं सेन्सर किती मोठा आहे, भिंग किती उजेड आत घेतं, हात हलला तर तो सावरायची सोय आहे का आणि आतला प्रोसेसर कितपत हुशार आहे यांवर. यांतल्या सेन्सरचा आकार खोक्यावर बहुधा छापलेलाच नसतो. आणि एवढं करून फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो तिथे दाबून लहान होतो, तो भाग वेगळाच.

गैरसमज : 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेवर 5,000 चा फोन दोनदा भरतो.

मला वाटतं, फसलो असं वाटणाऱ्यांची संख्या इथे सर्वांत मोठी असेल. फसवणूक मात्र यात नाही, व्होल्टचं गणित आहे. बँकेतले सेल 3.7 व्होल्टचे. 10,000 गुणिले 3.7, म्हणजे 37 वॅट-तास. हीच ऊर्जा यूएसबीतून 5 व्होल्टने बाहेर येताना 7,400 एमएएच होते. रूपांतरात आणि केबलमध्ये काही उष्णता होऊन जाते, तेव्हा हातात सहा-साडेसहा हजार उरतात. फोन भरतो साधारण दीडदा. बऱ्याच खोक्यांवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून हा खरा आकडा असतो. तो वाचायचा. सोबत भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही बघायचं. प्लॅटफॉर्मबाहेर तीनशे रुपयांत मिळणाऱ्या बँकेवर तो शोधून सापडला तर मलाही कळवा.

गैरसमज : रात्रभर चार्जिंगला ठेवला की बॅटरी फुगते.

भरल्यावर आजच्या फोनचं सर्किट स्वतःच प्रवाह तोडतं. बरेच फोन आता 80 टक्क्यांवर थांबायची सोयही देतात, ती सुरू ठेवावी. लिथियम बॅटरीचा खरा शत्रू उष्णता. चार्ज होणारा फोन उशीखाली ठेवणं किंवा मे महिन्यात स्कूटरवर उन्हात लावून नकाशा चालू ठेवणं, याने ती लवकर म्हातारी होते.

गैरसमज : आयपी 68 आहे, आता पावसाची काळजी नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. ज्या गावात असा पाऊस पडतो तिथे हा गैरसमज महागात पडणारच. 68 मधला 6 धुळीबद्दल आहे आणि 8 पाण्याबद्दल. 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. 8 म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः सांगते. चाचणी होते ती स्थिर, गोड्या पाण्यात, कोऱ्या फोनवर. गोराई-अक्साचं खारं पाणी, साबण, गरम वाफ यांचा त्यात हिशेब नाही. नळाच्या जोरदार धारेची चाचणीही 8 मध्ये आपोआप येत नाही, तिचे आकडे वेगळे आहेत. फोन दोनदा पडला, एकदा उघडून दुरुस्त केला, की आतलं सील पहिल्यासारखं राहिलं याची हमी कोणी देत नाही. वॉरंटीच्या कागदावर पाण्याने झालेलं नुकसान सहसा वगळलेलंच असतं. जाहिरातीत फोन तलावात बुडवायचा आणि कागदावर पाणी वगळायचं, हा दुटप्पीपणा मला जाहिरातीतल्या सैतानापेक्षा वाईट वाटतो.

भिजलेला फोन तांदळात पुरू नये. अ‍ॅपलने 2024 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं, कारण दाण्यांचे कण आत जाऊन आणखी बिघाड करतात. चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच झटकायचं, हवेशीर जागी ठेवायचं, पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावायचा नाही. तांदूळ भातालाच बरा.

पावसातली माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे आणि ती कुठल्याच खोक्यावर नसते. काचेचा पडदा बोटामुळे होणाऱ्या विजेच्या सूक्ष्म बदलावर चालतो आणि पाण्याचा थेंब त्याला बोटासारखाच वाटतो. जुलैत घाटकोपरच्या पुलावर एका हातात छत्री, एका हातात फोन आणि मेट्रोचं क्यूआर तिकीट उघडायचं, हा प्रसंग ज्याने भोगला त्याला सांगायला नको. ओल्या हातांनी चालणारं एक खरंखुरं बटण कडेला असावं, एवढी साधी गोष्ट. काही कंपन्या आता ओल्या बोटांना समजून घेणारे पडदे देऊ लागल्या आहेत. मुंबईत फोन विकायचा तर हीच चाचणी पहिली हवी, मेगापिक्सेल नंतर.

गैरसमज : वापरलेला फोन घेणं म्हणजे जुगार.

पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक न तपासता घेतला तर जुगारच. लोकलच्या गर्दीत किती फोन खिशातून जातात हे आपल्याला ठाऊक आहे आणि ते कुठेतरी विकलेही जातात. पण मे 2023 पासून ‘संचार साथी’ हे सरकारी पोर्टल सर्वांना खुलं आहे. हरवलेला फोन तिथे नोंदवला की तो देशभरातल्या नेटवर्कवर बंद करता येतो. असा बंद केलेला फोन तुम्ही हौसेने विकत घेतलात तर हातात उरेल ती फक्त सुंदर काच.

तेव्हा या दिवाळीत कोणाचा वर्षभर वापरलेला फोन घेणार असाल, तर पैसे देण्याआधी त्याच फोनवर *#06# दाबा. पडद्यावर येणारा क्रमांक, खोक्यावरचा आणि बिलावरचा क्रमांक एकच आहे ना ते बघा. मग आपल्या फोनवरून रोमन अक्षरांत केवायएम, थोडी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस 14422 ला पाठवा, आणि उत्तर आल्याशिवाय खिशात हात घालू नका.